उसनवारी

चिलोए बेटावरून फेरीबोटीनं आली
नऊ वर्षांची एलुनेय,
हनुवटी छातीशी टेकवून.
पाद्रीबाबांना वाटे, पोर भाविक.
बाई म्हणत, लाजरी.
डावा डोळा तेवढा छताला लागलेला;
त्याला खाली ओढणारं कुणी नव्हतं.

स्कॅनमध्ये दिसलं होतं,
तरी आकडा घालून शोधलंच मी.
नुसता पांढरा गोल,
पुसलेल्या पाटीसारखा.
स्नायू तुटला नव्हता, सुटला नव्हता,
मुळात आलाच नव्हता.
नर्स काही बोलली नाही.
घड्याळ मात्र ऐकू येत राहिलं.

मग उसनवारी केली.
नाकाकडचा एक, कानाकडचा एक,
आपापल्या कामात गुंतलेले दोघे;
त्यांना खाली सरकवून
टाके घातले रिकाम्या जागेच्या दोन कडांना.
शेजारी नाही म्हणत नाहीत,
पण सगळंही देत नाहीत.

हेच तिच्या बापाला सांगितलं.
एलेउतेरियो होड्या दुरुस्त करतो.
म्हणाला, शिडाची दोरी नसली
तर आम्हीही बाजूची वळवून घेतो.
होडी चालते.
वळताना जरा कुरकुरते.

पट्टी काढली तेव्हा
दोन दिवे दिसतात, म्हणाली.
दुसऱ्या दिवशी, दीड.
मी म्हटलं, थांबू या.

आठवड्यानं
हनुवटी उचलून, मान ताठ,
तिनं पहिल्यांदाच मला समोरासमोर पाहिलं,
बराच वेळ पाहिलं.
लाजरी मुळीच नव्हती ती.

"डॉक्टर," म्हणाली,
"तुमच्या नाकात केस आहेत."