पानांचं वजन

पाच देवळं आमची, आणि पाचांचं कधी पटलं नाही.
एकाला बाप्तिस्म्याला ओंजळभर पाणी पुरतं,
दुसऱ्याला अख्खा माणूस बुडवायला हवा,
चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या सोलापुरात.
तिसऱ्यात गाणी तेलुगूत, चौथ्यात कन्नडमध्ये,
पाचव्यात ढोल असा की शेजारच्या मागाची खडखड बुडते.

मी आमच्या मंडळीचा खजिनदार.
दानपेटीतल्या नाण्यांना तंबाखूचा वास येतो
हे वीस वर्षं माहीत होतं.
वहीत कधी लिहिलं नाही.

एका बुधवारी राजमणी आली.
ती आमच्यातली नाही. कपाळावर ठसठशीत कुंकू,
बोटांच्या पेरांवर दोऱ्याचे वळ.
पाळकबाईंना म्हणाली, तुमच्याकडं काटा आहे न्हवं,
कापणीच्या सणाला धान्य मोजता तो?
पदराखालून पानांचा पुडा काढला.
कंत्राटदाराच्या चिठ्ठीवर सातशे ग्रॅम.
आमच्या काट्यावर सहाशे दहा.
कमी पडलेली पानं ती पदरच्या पैशानं घ्यायची,
वरनं छाट म्हणून काढलेल्या विड्या
तिकडंच राहायच्या, फुकटात.

सलोमीबाई स्कूटीवरून चारही देवळांत गेल्या.
दोन ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी उपदेश.
चौथ्या ठिकाणी येसुरत्नम पास्टर काहीच बोलले नाहीत,
चपला घातल्या आणि मागं बसले.

त्या रविवारी पाचही व्यासपीठांवर एकच विषय, वजन.
प्रभुभोजनाच्या मेजाशेजारी काटा.
उपासना संपली तरी कोणी घरी गेलं नाही.
बाया येत राहिल्या, विडी घरकुलातून, अशोक चौकातून,
शहनाज, बालनरसम्मा, आमची मार्था.
पुडा ठेवायच्या. मी आकडा लिहायचो.
पाचांचे मिळून चारशे बारा पुडे.
एकही पुरता भरला नाही.

तिसऱ्या बाकावर आल्फ्रेड बनसोडे बसले होते.
त्या गल्लीतली शाखा त्यांच्याच कंत्राटाची.
डोक्यावरचा पंखाही त्यांनीच दिलेला,
पात्यांवर लाल रंगात आईचं नाव.
पंखा चालू होता म्हणून वाचता येत नव्हतं.

सोमवारी कामगार खात्याच्या कचेरीत
पाच पाळक एका बाकावर दाटीवाटीनं बसले.
साहेबांनी वही चाळली. म्हणाले,
बायांचे तीन अर्ज आहेत आमच्याकडं, जुने.
मग? सलोमीबाईंनी विचारलं.
मग काय, तुम्ही पहिल्यांदाच आलात.
बाई गप्प झाल्या. मीही.

आता शाखेत काटा सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय.
छाट विडी मोडून हातात परत देतात.
मजुरी आहे तेवढीच आहे.
पाच देवळांचं पुन्हा बाप्तिस्म्यावरून वाजलं,
पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी
तो बाक अजून भरतो.

बनसोडे दोन महिने आले नाहीत. मग आले,
त्याच बाकावर.
काल प्रार्थनेत लाइट गेली.
पंखा हळूहळू थांबला
आणि एकेका पात्यावरचं नाव स्पष्ट झालं.
सगळ्यांनी वर पाहिलं. त्यांनीही.

संध्याकाळी दानपेटी मोजली.
नाण्यांना वास तोच.
रकमेच्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात,
आता तोही लिहितो.