लाभ

हरिपुरात पेवं होती तिथं आता मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे.
त्याच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ,
म्हणजे एक टेबल, काच, काचेखाली बल्ब,
वर उलटा बांधलेला जुना कॅमेरा
आणि यार्डातून आणलेली दोन किलो राजापुरी हळद.

काचेवर हळद चाळायची.
बोटानं, काडीनं, कधी नुसत्या फुंकरीनं सारायची.
एक फोटो.
पुन्हा सारायची, केसभर.
असे बारा झाले की एक सेकंद होतो.
आधीचं चित्र मोडल्याशिवाय पुढचं होत नाही,
याची सवय व्हायला अख्खा उन्हाळा गेला.
आणि पंखा लावता येत नाही.

फिल्म भुजंगकाकाची आहे.
पेवात उतरून तो हळद टोपल्यांत भरायचा,
वरचे ओढून घ्यायचे.
वर ऐकू यायचे फक्त आकडे,
जमिनीच्या पोटातून, जरा उशिरानं:
लाभ. दोन. तीन.
एक कधी म्हणायचा नाही.
एक म्हटलं की माल एकटा पडतो म्हणे.
मीही फ्रेमा तशाच मोजते.

पुराच्या वर्षी अल्बम चार दिवस पाण्यात होता.
लग्नाच्या पंगतीतलं जेवण राहिलं, जेवणारे धुऊन गेले.
काकाच्या जागी तांबूस डाग,
डागाला कॉलर, कॉलरीला वरचं बटण.

मग विचारत फिरले.
वडील म्हणाले, नाक माझ्यासारखं.
आत्या म्हणाली, काहीतरीच, नाक आमच्या आईचं.
मिशा होत्या.
नव्हत्या.
होत्या, पण आबा गेले तेव्हा काढल्या त्या काढल्याच.
सुभद्राकाकू काही बोलली नाही.
शेवग्याच्या शेंगा सोलत राहिली.

तेव्हा ठरवलं, चेहरा नकोच.
या फिल्ममध्ये तोंड आहे ते पेवाचं,
वरून पाहिलेलं, एक काळा गोल.
काळा रंग वेगळा लागत नाही.
दाट पसरली की हळदच उजेड अडवते.

झाकण उघडून पेव दिवसभर तसंच ठेवायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर आत हवा नाही, माणसानं उतरायचं नाही.
कंदील म्हणजे काचेवर बोटाच्या टोकाएवढी पुसलेली जागा.
तो साठ फ्रेमा खाली खाली जातो,
पाच सेकंद,
विझतो.
वर वाकलेला माणूस दोरी गुंडाळतो,
खांद्यावरचा टॉवेल झटकतो
आणि घरी जातो.

झालं तसं नव्हतं.
त्या दिवशी भाव चढला होता, ट्रक उभा होता,
व्यापारी सारखं घड्याळ बघत होता.
कंदील खुंटीला होता.
मी पाच वर्षांची होते, मला एवढंच आठवतं
की आकडे सातावर थांबले
आणि वर कुणीतरी हसून म्हणालं, झोपला की काय.

परवा गॅरेजच्या शटरवर चादर बांधून दाखवली.
दीड मिनिट, आवाज नाही.
शेजारची पोरं संपली का म्हणून उठली.
वडील चष्मा पुसत बसले, बराच वेळ.
आत्या म्हणाली, टॉवेल छान झटकलाय.

काकू पुढं आली, चादरीजवळ.
म्हणाली, परत लाव, दोरीपासून.
लावली.
थांबव.
तिनं पडद्यावरच्या हाताला बोट लावलं,
उजेड तिच्या नखावर आला.
म्हणाली, हा उजवा आहे.
ते डावरे होते.

वडील म्हणाले, अरे हो की.
एवढी वर्षं नाकावर भांडलो आम्ही.

आज सकाळी काच पुसली.
काकूनं डबा पाठवलाय, वर चिठ्ठी नाही.
साठ फ्रेमा पुन्हा, दोरी दुसऱ्या हातात.
माझा उजवा हात डावा हात काढायला बिचकतो,
म्हणून मी डाव्यानंच सारते, वेडंवाकडं.
पंखा बंद.
लाभ.