मेणबत्तीपुढचा प

तुरिडबाईंनी मेणबत्ती धरली माझ्या ओठांपासून वीतभर लांब
आणि म्हणून दाखवला तो पहिला आवाज.
मी पाहिला तो:
ज्योत मागे झुकली, आणि विझली.
प. पापांगु. म्हणजे घार.
खिडकीबाहेर एक होतीच, वीटभट्टीच्या धुरावर गिरक्या घेत.
तिला कुणी प म्हणायला लावलं नव्हतं.

मी सात वर्षांची होते.
मला नाव आहे, हेच तोवर मला ठाऊक नव्हतं.
घरी मला बोलवायचं म्हणजे पाठीत खडा मारायचा,
लहानसा, लागू नये असा.

अंत्सिराबेच्या त्या गार शाळेत आम्ही एकोणीस.
कोळसेवाल्यांची, हातरिक्षा ओढणाऱ्यांची,
एकाला तर बैलबाजाराच्या दिवशी फाटकाशी सोडून
त्याचे लोक गर्दीत मिसळून गेले.
हात बाकाखाली, हा नियम.
बाई मारत नसत. पट्टी नुसती टेबलावर ठेवत,
तेवढं पुरायचं.
बोटांनी बोलणं म्हणजे माकडचेष्टा,
असं त्यांना समुद्रापारच्या त्यांच्या बर्फाच्या गावात
भल्या माणसांनी शिकवलं होतं.

आम्ही रात्री बोलायचो, चंद्र असेल तेवढ्या उजेडात.
अमावास्येला एकमेकांच्या तळहातावर.
तिथेच ठरली सगळ्यांची नावं.
लालाउ: गालावरचा व्रण.
सुलुफु: ताटातला भात झाकणारा हात.
बाई: एक बोट उभं, आणि त्यावर फुंकर.
आमच्या प ने ज्योत हलायची फक्त,
त्यांच्या प ने दर वेळी विझायची.

एकदा त्या फळ्यावर लिहीत होत्या, देव सगळं ऐकतो.
सुलुफुने पाटी वर केली:
आणि आम्ही बोलतो ते? त्याला दिसतं का?
बाईंनी खडू खाली ठेवला.
त्या दिवशी पुढचा तास झाला नाही.

तिसऱ्या रात्री दार उघडलं. हातात तीच मेणबत्ती.
फरशीवर बसल्या, गुडघे धरत,
आणि दोन्ही हात पुढे केले, उताणे,
काही मागायला आल्यासारखे.
फार चुकायच्या. देव म्हणायला गेल्या आणि बदक म्हणाल्या.
आम्ही इतके हसलो की खाटा सरकल्या.

आमच्या हातांत ‘अहो’ नाही.
त्या रात्रीपासून ती आमच्यासाठी ‘ती’ झाली.

पट्टीचं पुढे काय झालं माहीत नाही.
माफी तिने कधी मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही,
असं म्हणते मी.

एक गोष्ट तिला शेवटपर्यंत पटली नाही.
आमच्याकडे काही वर्षांनी मेलेल्यांना बाहेर काढतात,
नवं कापड गुंडाळतात, घरच्या बातम्या सांगतात.
मेलेले ऐकत नाहीत, म्हणायची ती, रागाने बोटं आपटत.
आम्ही एकमेकांकडे पाहायचो.

तिला जाऊन सात हिवाळे झाले.
मिशनच्या निलगिरींखाली आहे ती, घरी परतली नाही.
लालाउने रेशमी लांबा विणला, दोन महिने लागले.
उकरलं काही नाही आम्ही. तेवढा मान ठेवला तिच्या मताचा.
दगडालाच गुंडाळलं, लहान मुलाला गुंडाळतात तसं, कोपरे आत घेऊन,
आणि बसलो सांगत:
लालाउच्या मुलीला ऐकू येतं, दिवसभर तोंड चालू असतं म्हणतात.
सुलुफुने मोटरसायकल घेतली,
हॉर्न न ऐकल्याबद्दल पोलिसाने दंड केला.
शाळेत आता मी शिकवते. मेणबत्ती आहे, दिवे गेले तर.
हात बाकावर असतात.

तरुण पाळक फाटकाशी थबकले,
प्रार्थना चालली आहे असं वाटून त्यांनी टोपी काढली.
आम्ही तेव्हा तिला
तिच्याच बदकाची गोष्ट सांगत होतो.