अंगठा

बेजा गावाबाहेर, ऑलिव्हच्या बागेमागे
लाल मातीचा ट्रॅक.
सकाळी सातलाच अमादेऊ उकिडवा बसून
अंगठा रुतवून बघतो.
ओल आहे. आत्ता उंच काट्यांचे टायर चालतील.

पण फायनल तीनला.
तोवर ऊन सगळी ओल पिऊन टाकेल,
बग्ग्या घासून घासून मधली वाट
तव्याच्या बुडासारखी काळी होईल,
आणि उंच काटे तिच्यावर
नुसते लटपटतील.

पेटीत अकरा जोड्या. मऊ, मध्यम, फारच मऊ.
लिओनिल्दे म्हणते, नवे लाव, बाबा,
पाकीट फोडते.
तो नव्या रबराला नख लावतो,
वास घेतो, ठेवून देतो.
तळातून काढतो मार्चमधली जोडी,
काटे निम्मे झिजलेली,
तिने दोनदा कचऱ्यात टाकलेली
त्याने दोनदा उचलून आणलेली.

हरलास तर?
जेवणाचे पैसे माझे.
ते तसेही तुझेच असतात.

तीनला दहा कमी.
चारही चाकं घट्ट. बोटांना गोंद.
आणि तिकडून, शीळ घालत,
ट्रॅकवाला एर्मीनियू
पाण्याची नळी ओढत येतो.

अमादेऊ बघत राहतो
पाण्याकडे नाही,
अंगठ्याकडे.