खडे

दर डावाआधी हेरिबेर्तो वाकायचा.
दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात
बुटाच्या टोकानं माती उकरायचा,
खडा उचलून मागच्या खिशात टाकायचा.
प्रेक्षकांना वाटे, नवस असेल काहीतरी.
मला राग यायचा.
ती माती मी चाळलेली असायची,
पहाटे पाचला, आयोवातल्या एप्रिलच्या गारठ्यात,
या गुडघ्यांवर.

"डॉन लॉइड," तो म्हणाला, "माती छान आहे तुमची.
पण माझा पुढचा दात एका खड्यानं नेला."
कोन्सुएलो, साखर कारखान्यामागचं मोकळं रान,
दुधाच्या खोक्याचा ग्लोव्ह,
आणि आयुष्यात पहिल्यांदाच हाती आलेला खरा चेंडू.
वर्षभर मला वाटत होतं, हा माझं नाव चुकतोय.
डॉन म्हणजे त्यांच्याकडे मान.

बॅटचा आवाज यायच्या आधीच
त्याचा डावा पाय हललेला असे.
चेंडू ग्लोव्हमध्ये थांबायचाच नाही,
पाहुणा दारातूनच परत जावा तसा
आला, की निघाला दुसऱ्या बेसकडे, तिथून पहिल्याकडे.
वहीत आम्ही लिहितो सहा-चार-तीन.
तेवढंच लिहितो.

चौथ्या उन्हाळ्यात वरून बोलावणं आलं.
एकोणीस दिवस.
अवजारांच्या खोलीतल्या टीव्हीवर मी बघत होतो:
बाकाच्या टोकाला बसून तो सूर्यफुलाच्या बिया सोलतोय,
रोज तोच, रोज त्याच बिया.
मग एका रात्री आठव्या डावात त्याला उतरवलं.
सरळ, सरपटत आलेला चेंडू,
माझ्या बायकोनंही अडवला असता.
मनगटाला लागून गेला.
फलकावर चूक लागली, त्याच्या नावापुढे.

परत आला तेव्हा मी विचारलं नाही.
पाण्याची नळी गुंडाळू लागता लागता तोच म्हणाला,
"खडा नव्हता, डॉन लॉइड.
तिथली माती लोण्यासारखी.
मी उसळीची वाट बघत राहिलो,
ती आलीच नाही."

पुढे खांदा गेला.
शॉर्टस्टॉपवरून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्यावर,
जिथं फेकायचं कमी आणि झेलायचं जास्त.
त्याच्या जागी अठरा वर्षांचा एक पोरगा,
वाकायचा नाही कधी.
जूनमध्ये मॅनेजरच्या खोलीत अकरा मिनिटं.
दार लावलं, दार उघडलं,
तांदळातून काढावा तसा काढला त्याला.

सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत.
माझ्या टेबलावर त्यानं कॉफीचा डबा पालथा केला,
खडखड आवाज किती वेळ थांबेना.
"तुमचे आहेत. पाच उन्हाळ्यांचे."
दोनशे चौदा. नंतर मोजले.
तेव्हा मी फक्त म्हणालो,
बस चुकेल तुझी.

परवा, नवा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी,
काय सुचलं कोण जाणे,
डब्यातला एक, हरभऱ्याएवढा,
त्या पट्ट्यात नेऊन ठेवला, वरून रेक फिरवला.
मग झोप येईना.
कुणाच्या तरी पोराचा दात.
दीड वाजता टॉर्च घेऊन गेलो, गुडघ्यांवर बसलो,
बोटांनी माती चाळली.

तीन सापडले.
त्यातला तो कुठला, सांगता येईना.