सांगितला, नेला

देवगड बंदरात, बर्फाच्या कारखान्याच्या मागल्या अंगाला
पिवळी इमारत आहे. तिच्या माडीवर
सोळा यंत्रं राहतात.
त्यांना एसी, मला पंखा.
ती रात्रभर समुद्राचं गणित करतात
आणि मी त्यांच्या रांगा राखते.

रांगा तीन: लाटा, गाळ, इतर.
लाटांना साठ टक्के, गाळाला तीस,
उरलेले दहा शिकायला येणाऱ्या पोरांना.
एखाद्याचं रिकामं असेल तर दुसऱ्यानं बसावं,
मालक आला की उठावं.
एसटीत बसलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही.

मंगळवारी रात्री पावणेतीनला
वरची पट्टी टोकापर्यंत तांबडी.
वापर: शंभर टक्के.
गाळाच्या नावापुढे तर तीनशे वीस.
(तीनशे वीस टक्के भरलेला टोप
मी अजून पाहिलेला नाही.)
खाली पहाटेच्या अंदाजाचं काम, लाटांच्या रांगेत,
प्रतीक्षेत, अठ्ठेचाळीस मिनिटं.
मी थांबले.
भरलंय म्हटल्यावर माणूस थांबतोच.

मग लक्षात आलं, खोली गप्प आहे.
सोळा जणांनी काम धरलं की पंखे
वल्ह्यावरच्या माणसांसारखे धापा टाकतात.
इथे पाच धापा. बाकीचे अकरा
दिवे मिचकावत बसलेले.
एकाच्या पाठीवर हात ठेवला.
गार.

उकललं तेव्हा असं होतं:
डॉ. ऐनापुऱ्यांच्या गाळाच्या कामाला
एकेक अख्खं यंत्र हवं.
आणि अकरा यंत्रांच्या कोपऱ्यात
कुठल्याशा पोराचं विसरलेलं, चिमूटभर काम
पाय पसरून झोपलेलं.
अख्खं मिळेना, म्हणून शेड्युलरनं
उरलेली जागा गाळाच्या नावानं धरली
आणि हिशेबात ती वापरली म्हणून लिहिली.
खरा वापर एकतीस. राखून पासष्ट.
पोराचे चार.

खाली कारखान्यात माझे वडील, भिवा खवणेकर,
बावीस वर्षं बर्फाची वही लिहीत.
तिच्यात दोन रकाने: सांगितला. नेला.
दोन्हीची बेरीज त्यांनी कधी केली नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते,
कशाची कशात मिळवू?
सांगितलेला आणि न नेलेला बर्फ
दुपारपर्यंत वितळून गटारात जायचा,
त्यामुळे त्यांच्या वहीत खोटं
फार वेळ उभं राहत नसे.
मेमरी वितळत नाही.
धरून ठेवली तर सोमवारपर्यंत
तशीच, कोरडी, लख्ख.

मी राखण उठवली.
पोराची झोपलेली कामं मारली, फोन न करता.
तीन वाजून चौदा मिनिटांनी लाटा सुरू झाल्या
आणि सगळी खोली एकदम बोलायला लागली.

सव्वाचारला आबी कोयंड्याचा फोन, जेटीवरून.
"गो बाय, वारो काय म्हणता?"
म्हटलं, अजून शिजतंय, अर्धा तास.
"थांबतंय. पण इंजिन चालू आसा."
मागे ते ऐकू येत होतं,
धकधक, जागच्या जागी.

बुधवारी पडद्याचं पान बदललं.
एकोणीस ओळी, त्यातल्या सहा नुसत्या रंगाच्या.
'वापर' हा शब्द काढला.
एका पट्टीचे दोन तुकडे केले:
वापरात, गडद. राखून, रेघारेघांचा.
शीर्षकांना मी 'नेला' आणि 'सांगितला' देणार होते,
वरिष्ठांनी एक भुवई वर केली,
राहू दिलं.

डॉ. ऐनापुऱ्यांचा निरोप आला:
माझी पट्टी आखूड का दिसते?
दोन वेळा उत्तर लिहिलं, दोन्ही वेळा पुसलं.
शेवटी कळवलं: होती तेवढीच आहे.

पान आता बरोबर आहे.
तरी पहाटे, पट्ट्या हिरव्या असताना,
आबीची होडी डोळ्यांपुढे येते:
दोर बांधलेला, जाळं कोरडं,
कुठेही न जाता अर्धा तास जळलेलं डिझेल.
ते कुठल्या रकान्यात धरायचं
हे वडिलांना विचारायला हवं होतं.