तरोटा

मोहरीच्या दाण्याची गोष्ट सांगताना
पाळक इंगोलेसाहेबांनी फळ्यावर काढलं
वडाएवढं झाड,
आणि फांदीवर चिमणी नव्हे, मोर.
राज्य म्हटलं की मोर हवाच.

मागच्या सतरंजीवरून फुलवंताबाई बोलली,
"मोहरीचं एवढं झाड आमी त नाई पायलं, साहेब.
तरोट्यावानी असन ते.
कोनी पेरत नाई, ढोर तोंड लावत नाई,
उपटलं त दुप्पट येते."
आम्ही पोरं खो खो हसलो.
साहेबांनी फळा पुसला.
मोराची शेपटी तेवढी राहिली.

त्या वर्षी वर्गणी काढून
चर्चच्या आवाराला लोखंडी फाटक बसवलं,
बिशप येणार म्हणून मुरूम, कडेला चुना.
बिशपची जीप दारव्ह्याहूनच परतली.
मुरमातून वर आला तो तरोटा.
उपटला. पुन्हा आला,
फाटकाच्या बिजागरीखालीही एक.

मग एका रविवारी, ऐन उपासनेत,
पारधी बेड्यावरच्या बाया फाटक ढकलून आत आल्या.
कोणाला विचारलं नाही.
उकिडव्या बसून कोवळी पानं खुडू लागल्या,
ओच्यात, टोपलीत, एका पोराच्या टोपीत.

साहेब डोळे मिटून राज्य मागत होते.
मध्येच उघडले,
खिडकीकडे बघत राहिले.
आमेन कुठं म्हणायचं, आम्हाला कळेना.

फुलवंताबाई उठली, पदर खोचला,
चपला न घालताच बाहेर गेली.
"निब्बर पान नोको घेऊ वं,"
तिचा आवाज आला,
"कडू लागते."